तेवीस पेपर, तेवीसही पास

या वेळचं पत्र डिचोली तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीचं आहे. लांब होतं, थोडक्यात देते.

"मॅडम, मी एम.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्याकडे चवथीला गणपतीच्या वर रानातल्या फळापानांची माटोळी बांधतात, त्यातल्याच एका झाडाच्या सालीचा काढा आजी मधुमेहावर घेते. त्या झाडावर प्रोजेक्ट करायचा ठरला. रॅट्सना स्ट्रेप्टोझोटोसिन देऊन साखर वाढवायची आणि अर्क देऊन बघायचं. एथिक्स कमिटीने प्रस्ताव परत पाठवला. म्हणे, असं काम आधी झालं आहे का, आणि झालं असेल तर पुन्हा कशासाठी? आता गाईड म्हणतात, आधी सिस्टिमॅटिक रिव्ह्यू कर, म्हणजे झालेले सगळे प्रयोग शोधून तपास, मग प्राणी माग. मी २३ पेपर काढले. सगळ्यांत साखर उतरलेली आहे. मग रिव्ह्यूत लिहायचं काय? 'उपयोग होतो' म्हटलं की एका ओळीत संपतं. वर्गातली मुलं म्हणतात, ज्यांना लॅब जमत नाही ते रिव्ह्यू करतात. आजीचं तिसरंच. ती म्हणते, गणपतीच्या वाहनाला सुया टोचून कसली पदवी घेतेस? माझं वर्ष फुकट चाललं आहे असं वाटतं."

बाळे, तुला तू म्हणते. तुझ्या वयाच्या मुलींना शिकवण्यात इतकी वर्षं गेली की 'तुम्ही' म्हणायला आता जीभ वळत नाही. झाडाचं नाव तू लिहिलं आहेस, मी छापत नाही. विषय चोरीला जातात, आणि गोव्यात कोण कोणाच्या गाईडचा भाचा निघेल याचा नेम नसतो.

तुझ्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तू जाता जाता लिहून मोकळी झाली आहेस: सगळ्यांत साखर उतरलेली आहे. अगं, एखाद्या शाळेचा दहावीचा निकाल शंभर टक्के लागला तर आपण पेढे वाटतो. दर वर्षी, सगळ्या शाळांचा, सगळ्या विषयांत शंभर टक्के लागायला लागला, तर पेपर कोणी तपासले ते विचारतो. तुझ्याकडे २३ पेपर आहेत आणि २३ही पास आहेत. नापास झालेले कुठे गेले?

म्हापशाच्या बाजारात टोपलीत वर चकचकीत बांगडे मांडलेले असतात. आपण वरचे बघून भाव करत नाही, हात घालून खालचा एक काढतो आणि त्याचे कल्ले बघतो. छापील पेपर म्हणजे टोपलीतला वरचा थर. हे मी चिडून बोलत नाहीये, मोजलेलं आहे. पक्षाघातावरच्या औषधांचे प्राण्यांवर जे प्रयोग झाले, त्यांचे ५२५ पेपर एमिली सेना, माल्कम मॅक्लिऑड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली एकत्र तपासले. मेंदूतल्या मेलेल्या भागावर औषधाचा लक्षणीय परिणाम दिसला नाही, असं सांगणारे त्यात किती निघाले? दहा. न छापलेल्या प्रयोगांचा अंदाज धरून त्यांनी हिशोब पुन्हा मांडला, तेव्हा औषधांचा सरासरी गुण ३१.३ टक्क्यांवरून २३.८ टक्क्यांवर आला. म्हणजे साधारण पाव हिस्सा गुण औषधाचा नव्हताच. फसलेले प्रयोग कपाटात राहिले, त्याचा होता.

आता माझीच एक गोष्ट सांगते. कुठली संस्था, कुठलं साल, ते सोडून दे.

मला तीस रॅट्सचे पाच गट करायचे होते. मोठ्या पिंजऱ्यात हात घातला आणि जो लागला तो उचलला. पहिले सहा कंट्रोलमध्ये, म्हणजे ज्यांना काहीच द्यायचं नाही त्यांत, पुढचे सहा मधुमेही कंट्रोलमध्ये, म्हणजे साखर वाढवायची पण औषध द्यायचं नाही त्यांत, मग ग्लिबेनक्लामाइड या मधुमेहाच्या गोळीचे, मग अर्काच्या कमी मात्रेचे, आणि उरलेले सहा जास्त मात्रेचे. पिक्रिक ॲसिडचे पिवळे ठिपके लावले, डोक्यावर, पाठीवर, शेपटीवर, आणि मला वाटलं की झालं रँडम. तू पिंजऱ्यात हात घातला असशील तर तुला माहीत आहे की पहिला हाताला लागतो तो सुस्त, कोपऱ्यात अंग चोरून बसलेला. शेवटपर्यंत जो सापडत नाही, पळतो, चावतो, तो धडधाकट. माझे सगळे दांडगे उंदीर औषधाच्या गटात गेले आणि आजारी दिसणारे कंट्रोलमध्ये. निकाल इतका सुंदर आला की गाईडनी चहा पाजला.

एवढ्यावर थांबलं असतं तरी बरं. शेपटीतून रक्त घेऊन स्ट्रिपवर साखर मीच बघायची, आणि कुठला उंदीर कुठल्या गटाचा हे मला ठाऊक. अर्काच्या गटात आकडा भलताच मोठा आला की मी म्हणायची, स्ट्रिपला दमट हवा लागली असेल, पुन्हा बघू. पावसाळ्यात आपल्याकडे ते खरंही असू शकतं. पण कंट्रोलमध्ये मोठा आकडा आला की पुन्हा बघायची नाही, कारण तिथे तो यायलाच हवा होता. एकदाही खोटा आकडा लिहिला नाही, आणि तरी सगळी वही एका बाजूला कलली. तो पेपर छापून आला. आजही कुठेतरी कोणाच्या तरी २३ पेपरांत तो 'पास' म्हणून बसलेला असेल.

या कलण्यावर १९६३ साली रॉबर्ट रोझेंथाल आणि केर्मिट फोड यांनी एक प्रयोग केला होता, तो मी दर वर्षी वर्गात सांगायची. बारा विद्यार्थ्यांना प्रत्येकी पाच उंदीर दिले. निम्म्यांना सांगितलं, तुमचे उंदीर भुलभुलैयात हुशार निपजलेल्या वंशाचे आहेत, निम्म्यांना सांगितलं, तुमचे मठ्ठ आहेत. उंदीर सगळे सारखेच होते, वाटणी चिठ्ठ्यांसारखी. तरीही 'हुशार' उंदरांचे आकडे चांगले आले. त्या मुलांनी लबाडी केली म्हणून नव्हे. आपल्याला काय अपेक्षित आहे हे हाताला कळतं, आणि हातातल्या उंदरालाही.

तर सिस्टिमॅटिक रिव्ह्यू म्हणजे तेवीस पेपरांची गोळाबेरीज करून 'उपयोग होतो' असं लिहिणं नव्हे. तो नेहमीचा रिव्ह्यू झाला, ज्यात आपल्याला आवडलेले पेपर आपण आवडीच्या क्रमाने सांगतो. इथे प्रश्न आधी ठरवायचा, कुठे आणि कुठल्या शब्दांनी शोधायचं ते आधी लिहायचं, कुठले पेपर घेणार आणि कुठले का सोडणार तेही आधी लिहायचं, आणि मग प्रत्येक पेपरला विचारायचं की तू हे मोजलंस कसं. बांगड्याचे कल्ले बघायचे ते इथे.

त्या विचारण्यासाठी तयार साधन आहे. नेदरलँड्समधल्या रॅडबाउड विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात सिर्कल नावाचा गट आहे, त्यांनी २०१४ साली प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी दहा प्रश्न छापले. माणसांवरच्या चाचण्यांसाठी कॉक्रेन या रिव्ह्यू करणाऱ्या जागतिक संस्थेचे प्रश्न होते, ते यांनी उंदीरघरात आणून बसवले. गट कसे पाडले? सुरुवातीला गट सारखे होते का? मोजणाऱ्याला गट माहीत होता का? मध्येच गळालेल्या प्राण्यांचं काय झालं? त्यातला एक प्रश्न मला फार आवडतो, कारण तो फक्त ॲनिमल हाऊसमध्ये वावरलेल्या माणसालाच सुचेल: पिंजरे रॅकवर कुठे ठेवले होते? वरच्या फळीवर ट्यूबलाइटचा उजेड, खालच्या फळीवर अंधार. एका गटाचे सगळे पिंजरे वर आणि दुसऱ्याचे सगळे खाली असतील, तर तू औषध मोजते आहेस की उजेड?

हे दहा प्रश्न तुझ्या २३ पेपरांना लावून बघ. मी आत्ताच सांगते काय होईल. बहुतेक चौकटींत तुला 'अस्पष्ट' लिहावं लागेल. पेपरात एक ओळ असेल, 'प्राण्यांची यादृच्छिक विभागणी केली', आणि कशी केली ते नसेल. चिठ्ठ्या टाकल्या, संगणकाने आकडे दिले, की माझ्यासारखा हात घातला? ब्रिटन आणि अमेरिकेत सरकारी पैशावर झालेल्या कामांचे २७१ पेपर २००९ साली असे चाळले गेले होते. त्यातल्या ८७ टक्क्यांत रँडमायझेशनचा, म्हणजे यादृच्छिक विभागणीचा, उल्लेख नव्हता, ८६ टक्क्यांत ब्लाइंडिंगचा, म्हणजे मोजणाऱ्यापासून गट लपवल्याचा, नव्हता. त्यातूनच पुढच्या वर्षी, प्राण्यांवरच्या प्रयोगाच्या पेपरात काय काय लिहायचं हे सांगणारी अराइव्ह नियमावली आली आणि २०२० मध्ये तिची सुधारित आवृत्ती. म्हणून 'आपल्याकडचीच मुलं असं करतात' या न्यूनगंडात शिरू नकोस.

'अस्पष्ट'ने भरलेला तक्ता बघून तुला रडू येईल. ये तसं. पण तोच तुझा निकाल आहे, लपवायची गोष्ट नाही. त्यापुढे जाऊन एक कर: ज्या थोड्या पेपरांत गट नीट पाडले आहेत आणि मोजणाऱ्याला गट माहीत नव्हता, त्यांच्यात साखर किती उतरली आणि बाकीच्यांत किती, हे वेगळं काढ. एनएक्सवाय-०५९ नावाचं पक्षाघातावरचं औषध होतं. प्राण्यांत छान चाललं, माणसांवरच्या पहिल्या मोठ्या चाचणीत आशा दिसली, तीन हजारांहून जास्त रुग्णांच्या दुसऱ्या चाचणीत काहीच हाती लागलं नाही. मग २००८ साली प्राण्यांवरचे प्रयोग असेच वेगळे करून पाहिले. रँडमायझेशन न सांगणाऱ्या प्रयोगांत मेंदूचं नुकसान निम्म्याहून जास्त घटलेलं, सांगणाऱ्यांत फक्त वीस टक्क्यांच्या आसपास घट. निमोडिपिन या पक्षाघातावरच वापरून पाहिलेल्या दुसऱ्या औषधाचं तर त्याहून वाईट. माणसांवरच्या चाचण्या होऊन गेल्या आणि प्राण्यांतला पुरावा नीट एकत्र करून पाहिला गेला तो २००१ मध्ये. तेव्हा कळलं की चाचण्या सुरू करण्याइतका भक्कम तो नव्हताच. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. तुझी कमिटी तुला वरातीच्या आधी घोडं आणायला सांगते आहे, त्यात तिचं काय चुकलं?

आता कामाचं. सगळं सांगत बसणार नाही, जिथे मुलं आपटतात तेवढंच.

शोध. तू पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय पेपरांच्या ऑनलाइन सूचीत, झाडाचं एकच शास्त्रीय नाव टाकून २३ काढलेस असं दिसतं. झाडांची नावं बदलतात. अडुळसाच घे. ॲधाटोडा व्हॅसिका आणि जस्टिसिया ॲधाटोडा हे एकच झाड, पण एका नावाने शोधलंस तर दुसऱ्या नावाचे पेपर हाती लागणार नाहीत. तुझ्या झाडाची जुनी-नवी सगळी नावं, संस्कृत, मराठी, कोकणी, हिंदी, सगळी यादी कर. आपल्याकडची कितीतरी लहान जर्नलं पबमेडमध्ये नाहीतच. शोधगंगेवर पीएच.डी.चे प्रबंध मिळतील. आणि मला विचारशील तर खरा खजिना कॉलेजच्या ग्रंथालयात मागच्या कपाटात आहे: एम.फार्म.चे मरून बांधणीचे, सोनेरी अक्षरांचे प्रबंध. पदवी मिळाली, पेपर झाला नाही. का झाला नाही? बऱ्याचदा साखर उतरली नाही म्हणून. टोपलीतला खालचा थर तिथे आहे. ग्रंथपालांशी गोड बोल, दुपारी जेवणाच्या वेळेला जाऊ नकोस.

आकडे. प्रत्येक आकड्यामागे ± असतं. ते एसडी (प्राण्यांचे आकडे किती विखुरले) आहे की एसईएम (सरासरी किती नेमकी), हे तक्त्याखालच्या बारीक अक्षरात असतं, कधी नसतंही. सहा प्राण्यांच्या गटात एसईएम हा एसडीपेक्षा जवळजवळ अडीच पट लहान असतो. एसईएमला एसडी समजून गणित केलंस तर परिणाम अडीच पट फुगेल आणि तुला वाटेल अमृत सापडलं. आणखी एक: १००, २०० आणि ४०० मिलिग्रॅमचे तीन गट आणि कंट्रोल एकच, असे पेपर तुझ्याकडे असतीलच. तेच सहा कंट्रोल उंदीर तीनदा मोजायचे नाहीत. तिघांत दोन-दोन वाटायचे.

गळालेले. स्ट्रेप्टोझोटोसिनने स्वादुपिंडातल्या बीटा पेशी मरतात, त्यातलं इन्शुलिन एकदम रक्तात येतं आणि पहिल्या रात्री साखर इतकी खाली जाते की काही उंदीर दगावतात. म्हणून तर आपण ग्लुकोजचं पाणी ठेवतो. असं असताना ज्या पेपरात सुरुवातीला सहा आणि शेवटीही प्रत्येक गटात बरोबर सहा आहेत, आणि मेलेल्यांबद्दल चकार शब्द नाही, तिथे पेन्सिलने खूण कर.

दुसरी व्यक्ती. हे एकटीने करायचं काम नाही. दोघींनी एकमेकींना न दाखवता पेपर निवडायचे, दोघींनी दहा प्रश्न लावायचे, मग जुळवून बघायचं. नाही जुळलं तर तिसऱ्याला विचारायचं, बहुतेक तो गाईड असतो. लॅब न जमणाऱ्यांबद्दल बोलणाऱ्या त्या मुलांतलाच एक पकड. दहा पेपर झाले की त्याची जीभ आपोआप आखडेल, कारण त्याला स्वतःच्या सिनॉप्सिसमधली भोकं दिसायला लागतील.

आणि हे सगळं करण्याआधी प्रोटोकॉल लिहून नोंदव. प्रॉस्पेरो या रिव्ह्यूंच्या ऑनलाइन नोंदवहीत फुकट नोंदवता येतो, माणसाच्या आरोग्याशी संबंध असलेले प्राण्यांवरचे रिव्ह्यूही तिथे घेतात. पेपरांतले आकडे काढायला लागण्याआधी नोंद झाली पाहिजे. २३ पेपरांचे निकाल तू आधीच पाहिले आहेस, हेही त्यात सरळ लिही. लाजायचं कारण नाही, लपवलं तर लाजायचं.

कमिटीवर रागावू नकोस. प्राणी मागताना जो बी फॉर्म भरतो, तो पुन्हा काढून शांतपणे वाच. (हा फॉर्म ज्या राष्ट्रीय समितीचा, तिला आता सीसीएसईए म्हणतात, आम्ही जुने लोक अजून सीपीसीएसईए म्हणतो.) हीच जात का, इतकेच प्राणी का, असे प्रयोग पूर्वी झालेत का, झाले असतील तर पुन्हा का, हे सगळं तिथे विचारलेलं असतं. मुलं तिथे 'वाङ्मयात पुरेशी माहिती उपलब्ध नाही' असं मागच्या वर्षीच्या फॉर्मवरून उतरवतात. मीही उतरवलं आहे. तुझा रिव्ह्यू झाला की तुला त्या रकान्यांत खरं उत्तर लिहिता येईल. किती फरक अपेक्षित आहे आणि आकडे किती विखुरतात हे रिव्ह्यूतूनच कळतं, आणि त्यावरूनच गटात सहा हवेत, दहा हवेत की प्रयोगच नको, ते ठरतं. 'सगळे सहा घेतात' हे कारण नव्हे. प्रयोग नको असं निघालं तर? तर रिव्ह्यू हाच प्रोजेक्ट म्हणून चालेल का, हे गाईडला आजच विचारून ठेव, मार्चमध्ये नको.

वर्ष फुकट जाण्याचं म्हणशील, तर हिशोब साधा आहे. चवथीआधी प्रोटोकॉल. चवथीत ॲनिमल हाऊसला तसंही कोणी फिरकत नाही, अटेंडंट गावी जातो आणि उंदरांना पाणी कोण देणार यावर भांडणं होतात. त्या आठवड्यात घरी बसून शीर्षकं चाळ. दिवाळीपर्यंत तक्ते होतील.

आजीचा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला. तिच्याशी वाद घालू नकोस. 'गरज आहे का' एवढंच ती विचारते आहे, कमिटीने इंग्रजीत विचारलं, तिने गणपतीला मध्ये घालून विचारलं. पण मला तुझ्या पत्रातली दुसरीच गोष्ट खटकली. आजी घेते तो सालीचा काढा, म्हणजे पाण्यात उकळलेला. तू पाठवलेल्या यादीतली शीर्षकं मी वाचली. त्यात पान आहे, फळ आहे, बी आहे, आणि जवळजवळ सगळे अल्कोहोलमधले अर्क आहेत. सालीचा पाण्यातला अर्क मला दोनच ठिकाणी दिसला. म्हणजे आजी जे पिते त्याबद्दल तुझे एकवीस पेपर काहीच सांगत नाहीत. हा तुझ्या रिव्ह्यूचा वेगळा उपगट कर. कदाचित तोच तुझा प्रोजेक्ट निघेल. (आजीच्या गोळ्या मात्र चालूच राहू देत. काढा घेते म्हणून डॉक्टरांची गोळी बंद केलेली नाही ना, ते घरी जाऊन आधी बघ.)

आणि तिला एक विचारून मला कळव: साल ती कुठल्या महिन्यात काढते, पावसाआधी की नंतर, आणि कोवळ्या फांदीची की जुन्या खोडाची? तेवीसपैकी एकाने तरी हे लिहिलं आहे का, तेही बघ.